चित्र छापता, मग चित्रकाराचं नाव का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा प्रदर्शनातून नातीसाठी परीकथांचं जाडजूड पुस्तक आणलं, घरी येऊन उघडलं तर आत चित्रं चक्क आर्थर रॅकहमची, म्हणजे पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या त्या जुन्या इंग्रज चित्रकाराची! हॅन्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीतली ती कुबडीवर रेलून दारातून बाहेर येणारी म्हातारी चेटकीण, ती बघितल्याबरोबर ओळखली मी. पण अख्खं पुस्तक उलटंपालटं केलं तरी रॅकहमचं नाव कुठ्ठेच नाही. आणि चित्राच्या कोपऱ्यात तो सही करून साल टाकायचा, तो कोपराच कापून टाकलाय. फार वाईट वाटलं.

अहो, हा माणूस अठराव्या वर्षी लंडनमध्ये विम्याच्या ऑफिसात कारकून म्हणून लागला, दिवसभर खर्डेघाशी आणि संध्याकाळी लॅम्बेथच्या आर्ट स्कूलमध्ये क्लास, असं करत करत शिकला. १९०० मध्ये ग्रिम या जर्मन बंधूंनी गोळा केलेल्या परीकथांना चित्रं काढली ती बहुतेक काळीपांढरी, मग त्यावरच परत काम केलं आणि १९०९ च्या आवृत्तीत ४० रंगीत चित्रं दिली. रंगाचं तर काय सांगू, त्या काळी फोटो काढून तीन रंगांत छापायचे, त्यात भडक रंग बिघडतात हे त्याला पक्कं माहीत होतं, म्हणून आधी शाईची रेघ आणि वर वॉटरकलरचे पातळ पातळ हात, त्यातून ते मातकट, धुरकट जंगल उभं राहतं आणि झाडांची मुळं हाताच्या बोटांसारखी वाटायला लागतात. इथे कुणीतरी कॉम्प्युटरवर रंग वाढवून त्याचं हिरवंपिवळं करून ठेवलंय, मुळांची रेघ कुठे दिसतच नाही!

रॅकहम १९३९ मध्ये गेला, त्याच्या चित्रांचा कॉपीराइट इंग्लंडमध्येसुद्धा २००९ अखेर संपला, तेव्हा कोणीही छापावीत, माझी काहीच हरकत नाही, उलट मुलांपर्यंत पोचतायत याचा आनंदच आहे. पण गोष्टीखाली ग्रिम बंधूंचं नाव येतं ना, मग चित्राखाली एक ओळ द्यायला काय लागतं? आपल्या पेपरच्या मुलांच्या पानावरही जुनी चित्रं बिननावाची येतात, तेवढं कृपया बघा.

नात विचारत होती, आजी ही कोणी काढली गं? मग मीच पहिल्या पानावर पेन्सिलने नाव लिहून दिलं, तर ती म्हणते प्रत्येक चित्राखाली लिही. सध्या आमचं तेच चाललंय.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, पुणे