देव त्यांनाच का दिसला, हा प्रश्न पडला तरी कधी?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत देव आणि इतिहास यांवर आलेला लेख दोनदा वाचला. साऱ्या विश्वाच्या निर्मात्याला बोलायचेच होते, तर नाईल, गंगा आणि पीत नदीच्या काठच्या भरभराटीच्या संस्कृती सोडून त्याने कनानच्या (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या) डोंगरपट्ट्यातल्या मूठभर मेंढपाळांना, म्हणजे ज्यूंच्या पूर्वजांना, का गाठावे, असे लेखक विचारतात आणि ही त्या लोकांची निव्वळ आत्मप्रौढी होती, असा निकाल देऊन मोकळे होतात. मी स्वतः देव मानतो की नाही, हे माझे मलाच धड सांगता येत नाही. तेव्हा त्यांच्या अश्रद्धेशी माझे भांडण नाही. पण इतिहास शिकवण्यात हयात गेली असल्याने एक गोष्ट खटकली. लेखकांनी घटनांचा क्रम उलटा धरला आहे.

आधी विश्वाचा एकच देव होता आणि मग त्याने एक जमात निवडली, असे ते धरून चालतात. त्या काळच्या माणसाला हे ऐकून गोंधळल्यासारखेच झाले असते. पश्चिम आशियात तेव्हा ज्याचा त्याचा देव होता. मवाब्यांचा कमोश, अश्शूरांचा अश्शूर, बाबेलचा (बॅबिलॉनचा) मर्दूक, तसा इस्राएलचा याव्हे. मृत समुद्राच्या पूर्वेला दिबान येथे 1868 मध्ये मवाबच्या मेशा राजाचा काळ्या दगडातला लेख सापडला. तो इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला असून आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मेशा त्यात सांगतो, की इस्राएलच्या राजाने मवाबला पुष्कळ दिवस छळले, कारण कमोश आपल्या देशावर रागावला होता. पुढे त्याचा राग गेला आणि आम्ही जिंकलो. नावे बदलली तर हा मजकूर बायबलच्या राजांच्या इतिहासात सहज खपून जाईल. कमोशाने मवाबलाच का निवडले, असे मेशाला कुणी विचारले नाही. ज्याचा देव त्याचा, त्यात विचारण्यासारखे काय?

खुद्द बायबलमध्येही या जुन्या समजुतीची खूण राहिली आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 32 व्या अध्यायात परात्पर देव राष्ट्रांची वाटणी करतो आणि याकोब, म्हणजे इस्राएल, हा परमेश्वराचा (याव्हेचा) वाटा ठरतो. मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेल्या हस्तलिखितात ही वाटणी ‘देवपुत्रांच्या संख्येप्रमाणे’ झाल्याचे म्हटले आहे. नंतरच्या प्रचलित हिब्रू पाठात तिथे ‘इस्राएलपुत्र’ आले. एका शब्दाच्या बदलात किती मोठी अडचण झाकलेली असते, ते इथे दिसते.

अडचण उभी राहिली ती तो देव सगळ्यांचा आहे असे त्याच लोकांपैकी काहींना वाटू लागले तेव्हा. सुरुवात आमोस या संदेष्ट्यापासून धरता येईल. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला हा मेंढपाळ, उंबराची फळे राखणारा. तो आपल्याच लोकांना देवाचे म्हणणे ऐकवतो: पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी तुम्हांलाच ओळखले, म्हणून तुमच्या सगळ्या अपराधांची शिक्षा तुम्हांलाच देईन. ऐकणाऱ्यांनी ‘तुम्हांलाच ओळखले’ इथवर मान डोलावली असेल, ‘म्हणून’ आला तेव्हा ती तशीच राहिली असेल. त्याच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तर कमालच आहे. देव म्हणतो: मी इस्राएलला मिसरातून (इजिप्तमधून) आणले हे खरे, पण पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीरहून मीच नाही का आणले? तुम्ही मला दूरच्या आफ्रिकेतल्या कूशी लोकांसारखेच नाही का? म्हणजे ज्या घटनेवर सगळी निवड उभी, तिच्यासारख्याच आणखी दोन घटना तो शत्रूंच्या खात्यावर मांडतो. लेखकांना आत्मप्रौढी दिसली ती नेमकी कुठल्या पानावर, हे मला त्यांना विचारायचे आहे.

इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले, लोकांना धरून नेले. अशा वेळी देव हरला असे समजून जिंकणाऱ्याच्या देवापुढे हात जोडणे, ही जगरहाटी. बाबेलला गेलेल्यांपैकी काहींनी भलतेच केले. आमचा देव हरला नाही, त्यानेच बाबेलला हत्यार म्हणून वापरले, कारण बाबेलही त्याचेच, असे ते म्हणू लागले. यशयाच्या पुस्तकात पर्शियाचा राजा कोरेश याला देवाने आपला ‘अभिषिक्त’ म्हटले आहे. मूळ शब्द मशीहाच. आणि लगेच त्यालाच सांगितले आहे, की तू मला ओळखत नसताना मी तुला नावाने हाक मारली. मंदिर नाही, राजा नाही, अशा अवस्थेत त्यांचा देव एकदम साऱ्या जगाचा झाला. आता मात्र प्रश्न टळेना. सगळ्यांचा आहेस तर आमच्याशीच का बोललास?

हा प्रश्न आजच्या विवेकवाद्यांनी बाहेरून नेऊन त्यांच्या दारात ठेवलेला नाही. तो त्यांच्याच घरातला आहे आणि त्यांनी त्याला उत्तर देऊ पाहिले, तेही चाचपडत. ‘अनुवाद’ म्हणते, तुम्ही संख्येने जास्त म्हणून नव्हे, तुम्ही तर सर्वांत थोडे. चांगले म्हणूनही नव्हे, तुम्ही ताठ मानेचे. प्रेम केले म्हणून. विद्यार्थ्याने पेपरात असे लिहिले असते तर मी शून्य दिले असते. ‘प्रेम का केले?’ ‘केले म्हणून.’ थोडे असण्याचे म्हणाल तर ते खरेच होते. बायबलबाहेर इस्राएलचे नाव सर्वांत आधी येते ते इसवी सनापूर्वी सुमारे 1208 च्या मर्नेप्ता या मिसरी राजाच्या शिलालेखात, आणि तेही असे: इस्राएल उजाड झाला, त्याचे बी उरले नाही.

पुढे रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, कथा रचल्या. एका कथेत देव नियमशास्त्र घेऊन राष्ट्राराष्ट्रांच्या दारी जातो. एक विचारते, ‘यात काय आहे?’ ‘खून करू नको.’ ‘मग नको.’ दुसरे व्यभिचारावर अडते, तिसरे चोरीवर. शेवटी इस्राएल हो म्हणते. दुसऱ्या कथेत देव सीनाय पर्वत पिंपासारखा त्यांच्या डोक्यावर धरतो आणि म्हणतो, घेता की इथेच गाडू? दोन्ही कथा त्याच परंपरेत सुखाने नांदतात. आणखी एक म्हणणे मला विशेष आवडते: नियमशास्त्र वाळवंटात मोशेच्या हाती दिले, कारण कुणाच्या तरी मुलखात दिले असते तर त्या मुलखाने मालकी सांगितली असती.

खरे तर देव एका ठिकाणी, एका माणसापाशी थांबला याचे मराठी माणसाला नवल वाटू नये. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने वीट भिरकावली आणि देव अठ्ठावीस युगे तिच्यावर उभा आहे. भीमेच्याच काठी का, कावेरीच्या का नाही, असे कुणी वारकऱ्याला विचारत नाही. फरक इतकाच की आपण त्याच्या जोडीला आणखी शंभर ठिकाणी जातो. एकच देव आणि एकच ठिकाण हे दोन्ही एकदम धरले की ताण पडतो, आणि ज्यूंनी तो अडीच हजार वर्षे सोसला आहे.

हे सगळे मला पुस्तकांतून कळले ते पुढे. लहानपणी आम्ही अलिबागला इस्राएल आळीजवळ राहत होतो. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात पुरुष आणि सात बायकांचे आपण वंशज, असे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, सांगत. तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू विसरली, पोथ्या नव्हत्याच. उरले ते ‘शेमा इस्राएल’ (‘ऐक, इस्राएला’) एवढे प्रार्थनेचे शब्द, शनिवार, सुंता आणि खवल्यांवाचूनचा मासा न खाणे. शेजारच्या आजी मलिद्यासाठी पोह्यांत गूळखोबरे कालवत होत्या तेव्हा मी नववीतल्या आगाऊपणाने त्यांना विचारले होते, “आजी, देव तुमच्याच लोकांशी का हो बोलला?” त्या हात न थांबवता म्हणाल्या, “आमच्याशी कुठे रे बोलला? मोशेशी बोलला. ती वेलची दे इकडे.”

लेखकांनी ‘निवडलेले लोक’ हा शब्द ज्या सहजतेने वापरला, त्यावर आणखी एक सांगतो. 1948 नंतर आमच्या आळीतली घरे एकेक करून इस्राएलला गेली. तिथे 1960 नंतरच्या वर्षांत मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नांआधी त्यांची वंशावळ तपासण्याचा आदेश काढला. शेकडो वर्षे पोथीवाचून शनिवार पाळलेल्या माणसांनी तुम्ही खरोखर निवडलेल्यांपैकी आहात का, याचा पुरावा आणायचा होता. त्यांनी यरुशलेममध्ये ठाण मांडले, संसदेत चर्चा झाली आणि 1964 मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य झाले. निवड वरून झाली की खालून, हा वाद त्यांच्यासाठी पुरवणीतला नव्हता. त्यावर मुलामुलींची लग्ने अडली होती.

लेखकांना वेळ असेल तर त्यांनी अलिबागजवळ खंडाळ्याला जरूर यावे. एलियाहू हनाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचा रथ तिथून आकाशात गेला असे बेने इस्राएल मानतात आणि खडकावरच्या खुणा दाखवतात. इस्राएलहून येणारी मराठी बोलणारी नातवंडे अजूनही तिथे मलिदा करतात. इस्राएलहून निघालेला संदेष्टा कोकणात कशाला थांबला, असे त्यांना विचारायचे असेल तर खुशाल विचारावे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
अलिबाग