खेळ पाहायला जाताना त्याची गोष्टही ठाऊक असावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांना घेऊन हाँगकाँगला जाणाऱ्या कुटुंबांसाठी जे प्रवासलेख लिहिले जातात, त्यांत ‘पीक’ नावाच्या डोंगरावरील पीक गॅलेरिया या संकुलातल्या ‘मोनोपॉली ड्रीम्स’चा उल्लेख हमखास आढळतो. जमिनी विकत घेऊन इतरांकडून भाडे वसूल करण्याच्या ‘मोनोपॉली’ या पटावरच्या खेळाभोवती रचलेले, २०१९ मध्ये सुरू झालेले हे दालन मुलगा, सून आणि दोन नातवंडांसह आम्हीही नुकतेच पाहिले. ते मुलांना आवडते यात शंका नाही आणि हे पत्र तक्रारीचे नाही. मात्र हा खेळ आणि ज्या डोंगरावर तो असा थाटाने मांडला आहे तो डोंगर, या दोघांच्या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की त्या ठाऊक नसताना तिथून परतणे म्हणजे अर्धे तिकीट वाया घालवणे होय. माझ्या वाचनात आलेल्या एकाही लेखात त्यांविषयी ओळभर मजकूर नव्हता, म्हणून हा प्रपंच.

घरी जमिनीवर पसरलेल्या पटावर जी बँक म्हणजे नोटांचा एक ढीग असतो आणि जो तुरुंग म्हणजे कोपऱ्यातला एक चौकोन असतो, त्यांत प्रत्यक्ष पाऊल टाकता येणे ही मुलांच्या दृष्टीने लहानसहान बाब नव्हे. आमचा सात वर्षांचा नातू तुरुंगातून हलायलाच तयार नव्हता. शेजारी येऊन छायाचित्र काढणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला तो दोन बोटे दाखवून बजावत होता की, दोन्ही फाशांवर सारखे दान पडल्याशिवाय सुटका नाही. ती माणसेही मान डोलावत होती. भाषेची अडचण कोणालाच आली नाही, कारण नियम सर्वांना पाठ होते.

निदान आपल्याला तसे वाटते. संध्याकाळी मुक्कामावर पट मांडला तेव्हा नातवाने एक मालमत्ता घ्यायला नकार दिला आणि फासे पुढे सरकवले. त्यावर दहा वर्षांच्या नातीने नियमांचा कागद उघडला. खेळाडूने विकत घेतली नाही, तर बँकेने त्या मालमत्तेचा तिथल्या तिथे लिलाव करायचा असतो, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आम्ही तीन पिढ्या हा खेळ लिलावाविनाच खेळत आलो होतो. फुकट पार्किंगच्या चौकोनावर दंडाचे पैसे साठवून ठेवण्याची आमची प्रथाही त्या कागदात नाही. गंमत अशी की, ज्या शहरात बसून आम्ही हा वाद घालत होतो त्या शहराचा वसाहतकाळच जमिनीच्या लिलावाने सुरू झाला होता. ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतल्यावर काही महिन्यांतच, १४ जून १८४१ रोजी, तिथल्या जमिनीचा पहिला लिलाव झाला. आजही तिथे सरकार जमीन विकत नाही. मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते.

आता खेळाकडे येऊ. चार्ल्स डॅरो या बेकार गृहस्थाने मंदीच्या काळात हा खेळ शोधला आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीला विकून तो श्रीमंत झाला, ही कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. प्रत्यक्षात या खेळाचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे, ज्याचे पेटंट तिला ५ जानेवारी १९०४ रोजी मिळाले होते. ती हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताची अनुयायी होती. जमीन कोणी निर्माण केलेली नाही, तेव्हा तिची वाढणारी किंमत मालकाच्या खिशात न जाता समाजाकडे जावी, हे त्याचे म्हणणे लोकांना पटावर अनुभवता यावे म्हणून तिने हा खेळ रचला. एकाने सर्व काही विकत घ्यावे, बाकीच्यांनी भाडे भरून कंगाल व्हावे आणि शेवटी खेळणाऱ्यांना चीड यावी, हाच हेतू होता. खेळाडूंची संमती असेल, तर जमिनीचे भाडे मालकाऐवजी सार्वजनिक खजिन्यात भरण्याची सोयही तिच्या नियमांत होती. ती सोय पुढे गळून पडली आणि चीड तेवढी उरली, हे घरोघरी हा खेळ ज्या भांडणाने संपतो त्यावरून ध्यानात येते. पार्कर ब्रदर्सने मॅगीचे हक्क अवघ्या ५०० डॉलरला घेतले. सत्तरच्या दशकात राल्फ अन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला आणि त्यावरून कोर्टकचेरी झाली, तेव्हा कुठे तिचे नाव पुन्हा प्रकाशात आले.

मॅगीच्या पटावरील एक चौकोन मला विशेष महत्त्वाचा वाटतो. तो लॉर्ड ब्लूब्लड नावाच्या परदेशी उमरावाच्या मालकीचा आहे आणि त्यावर पाऊल पडले की अतिक्रमणाबद्दल थेट तुरुंग. ज्या १९०४ साली या पटाला पेटंट मिळाले, त्याच साली हाँगकाँगच्या वसाहती सरकारने पीकचा परिसर राखीव करणारा कायदा केला आणि चिनी माणसांना त्या डोंगरावर राहण्यास मनाई केली. अपवाद नोकरांचा, कारण त्यांच्याविना बंगले चालले नसते. गव्हर्नरच्या खास परवानगीने रॉबर्ट हो तुंग यांच्यासारख्या एखाद्या धनाढ्य कुटुंबाला तिथे राहता आले. बाकीच्यांसाठी हा निर्बंध १९४६ पर्यंत टिकला. १८८८ मध्ये सुरू झालेल्या, या डोंगरावर चढणाऱ्या पीक ट्राम या गाडीलाही सुरुवातीला तीन वर्ग होते आणि पुढे कित्येक वर्षे पहिल्या ओळीतील दोन जागा गव्हर्नरसाठी अडवून ठेवलेल्या असत. गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधीपर्यंत तिथे इतरांना बसता येत नसे. मॅगीने कल्पनेने आखलेला चौकोन समुद्रापलीकडे कायद्याने आखला जात होता, आणि त्याच चौकोनावर आज तिच्या खेळाचे दालन उभे आहे. हा योग कोणी ठरवून जुळवलेला नसावा. पण मुलाला मालकी आणि भाडे या गोष्टी समजावून सांगायला याहून चांगली जागा सापडणे कठीण.

यासाठी वेगळा दिवस काढावा लागत नाही. ट्रामचे खालचे स्थानक गार्डन रोडवर आहे आणि त्याच रस्त्यावर, चालत जाण्याच्या अंतरावर, १८४९ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट जॉन्स कॅथेड्रल हे चर्च आहे. साऱ्या हाँगकाँगमध्ये कायम मालकी हक्काने दिलेला जमिनीचा तुकडा तेवढा एकच, आणि तोही चर्चसाठीच वापरण्याच्या अटीवर. आधी त्या अंगणात दहा मिनिटे उभे राहावे, मग ट्रामने वर जाऊन खेळाचे दालन पाहावे. आम्ही अजाणतेपणी उलट क्रमाने गेलो. वरून खाली दिसणाऱ्या उंच इमारतींकडे बोट दाखवून नातवाने विचारले होते, “यातले कोणते हॉटेल कोणाचे?” त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी चर्चच्या अंगणात ते थोडेफार देता आले. पण तोवर त्याचे लक्ष झाडावरच्या पक्ष्याकडे गेले होते.

प्रवासविषयक पुरवण्यांना एवढीच विनंती की, अशा ठिकाणांची ओळख करून देताना तिकीट, वेळ आणि छायाचित्र काढण्याच्या जागा यांच्या जोडीला त्या खेळाच्या जन्माची आणि त्या जागेची चार वाक्येही द्यावीत. मुले ती वाचतात आणि लक्षातही ठेवतात. घरी परतल्यावर नातीने ‘तुरुंगात जा’ या चौकोनावर कागदाचा तुकडा डकवून त्यावर ‘लॉर्ड ब्लूब्लड यांची हद्द’ असे लिहिले आहे. धाकट्याला हा बदल मान्य नाही. कालच्या डावात तो तिथे तीनदा पकडला गेला.

आपली,
एक नियमित वाचक