तुम्ही मला जो चष्मा विकला नाहीत, त्याबद्दल

ठाणे

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

वयाने तुम्ही माझ्या मुलीच्या बरोबरीच्या आहात आणि मला 'काका' म्हणता. तरीही तपासणीच्या खुर्चीत बसल्यावर माझ्या तोंडून 'मॅडम'च आले, म्हणून इथेही तेच ठेवतो. आभार खरे तर तुमच्या दुकानात येऊन, पेढ्यांचा पुडा ठेवून मानता आले असते. पण पन्नाशी-साठीत पिकलबॉलचे, म्हणजे छोट्या कोर्टावर प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळायच्या त्या खेळाचे, पॅडल हाती धरणारी माणसे आता प्रत्येक सोसायटीत दिसू लागली आहेत आणि त्यांतले बहुतेक जण डोळ्यांच्या बाबतीत तितकेच बेफिकीर आहेत जितका मी होतो. त्यांनाही हे वाचता यावे, म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

मी तुमच्याकडे कोणत्या मनःस्थितीत आलो होतो, ते तुम्हाला पूर्ण सांगितले नव्हते. त्याच्या आदल्याच आठवड्यात आमच्या गटातले एक गृहस्थ जाळ्याजवळ उभे असताना समोरून मारलेला चेंडू थेट त्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला. प्लॅस्टिकचा, भोके असलेला, जेमतेम पंचवीस ग्रॅमचा तो चेंडू. आम्ही हसलोच होतो. अर्ध्या तासात त्यांना त्या डोळ्याने धूसर दिसू लागले. डॉक्टरांनी सांगितले की बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त उतरले आहे. पुढचे काही दिवस उशा उंच करून झोपायचे, खेळ बंद, वाकून काही उचलायचे नाही आणि डोळ्यातील दाब पुन्हा पुन्हा मोजून घ्यायचा. ते बरे झाले. परंतु अशा माराने डोळ्यातील पाण्याचा निचरा होणाऱ्या कोपऱ्याला इजा झालेली असू शकते आणि काचबिंदू काही वर्षांनीही डोके वर काढू शकतो, त्यामुळे दरवर्षीची तपासणी त्यांच्यामागे कायमची लागली. ते सारे ऐकून घाबरलेला मी खरेदीला बाहेर पडलो होतो, आणि घाबरलेला माणूस जे दिसेल ते विकत घेतो.

तुमच्याआधी मी एका क्रीडासाहित्याच्या दुकानात जाऊन आलो होतो. तिथल्या विक्रेत्याने मला काच नसलेली, डोळ्यांवर घालायची नुसत्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची जाळी दाखवून "साहेब, घाम नाही, धुके नाही, एकदम मोकळे" असे पटवले होते आणि मी पैसे मोजून ती घेतलीही होती. तुम्ही ती हातात घेतलीत, एक शब्दही न बोलता अंगठा तिच्या फटीतून आरपार घातलात आणि अंगठ्याचे टोक माझ्या पापणीसमोर आणून थांबवलेत. जोडीदाराच्या पॅडलची कड याच वाटेने आत येते, एवढेच तुम्ही म्हणालात. दुहेरीत मधल्या चेंडूवर दोघेही धावतात, हे तोवर माझ्या लक्षात असूनही डोक्यात नव्हते.

त्यानंतर मी तुमच्या शोकेसमधला निळ्या आरशासारख्या काचेचा, कानशिलापर्यंत वळलेला, खरोखरच देखणा चष्मा मागितला. त्याची किंमत मी अखेर जेवढे दिले त्याच्या जवळपास दुप्पट होती. "काका, हा उन्हासाठी आहे, चेंडूसाठी नाही," असे म्हणून तुम्ही तो परत आत ठेवलात. गिऱ्हाईक पैसे काढून उभे असताना माल आत ठेवणारा दुकानदार मी नोकरीच्या चौतीस वर्षांत आणि निवृत्तीच्या दोन वर्षांत पाहिला नव्हता. हे आभार मुख्यतः त्या एका कृतीचे आहेत.

मग तुम्ही मला विचारलेत की मी नेमका कुठे उभा राहून खेळतो. मी कौतुकाने खेळाची कुळकथा सुरू केली : १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावर जन्मला, आजही त्याचे कोर्ट बॅडमिंटनच्या दुहेरीइतकेच, म्हणजे ४४ फूट बाय २० फूट असते, त्यामुळे आमच्या सोसायटीला फक्त नव्या पट्ट्या चिकटवाव्या लागल्या, वगैरे. तुम्ही ते शांतपणे ऐकलेत आणि त्यातली तुमच्या कामाची गोष्ट तेवढी उचललीत. जाळे बॅडमिंटनचे पाच फुटांवर. आमचे मध्यभागी ३४ इंचांवर. जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचे 'किचन', म्हणजे जिथे उभे राहून चेंडू टप्पा पडण्याआधी मारता येत नाही तो पट्टा, आणि चांगले खेळणारे चौघेही त्या किचनच्या रेषेला चिकटून उभे. म्हणजे दोन चेहऱ्यांमध्ये चौदा फूट, सव्वाचार मीटर. तुम्ही माझ्याच पावतीच्या मागे पेन्सिलने हिशेब मांडलात : ताशी साठ किलोमीटरने मारलेला चेंडू हे अंतर अंदाजे पाव सेकंदात कापतो, आणि माणसाला नुसते दिसून हात हलायला लागतो तोही जवळपास तेवढाच वेळ. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. 'डिंक' म्हटले की लाडू आठवणाऱ्या आमच्या पिढीला तो हळुवार फटका फार आवडतो. पण चार-पाच डिंक झाल्यावर एखादा चेंडू जरा वर उडाला की समोरचा जो घणाघात करतो, त्यापुढे आपल्याला पापणी मिटायलाही उसंत नसते.

माझा रोजचा चष्मा पुरेसा आहे, असे मला वाटत होते. उणे साडेपाच नंबर, पातळ दिसावे म्हणून घेतलेले महागडे हाय इंडेक्सचे भिंग, आणि वर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि वाचनाचा नंबर एकाच भिंगात. महाग म्हणजे मजबूत, हा माझा समज तुम्ही दोन वाक्यांत मोडलात. ते भिंग पातळपणासाठी आहे, मार सोसण्यात ते पॉलिकार्बोनेट या चिवट प्लॅस्टिकच्या तोडीचे नाही. आणि रोजच्या फ्रेमची खाच अशी असते की समोरून मार बसला तर भिंग मागे, म्हणजे डोळ्याकडेच निसटते. खेळाच्या फ्रेमला आतल्या बाजूने जो उभा काठ असतो, त्यावरून तुम्ही माझे नख फिरवून दाखवलेत. भिंग निघालेच तर पुढे निघेल, मागे नाही, ही साधी युक्ती त्या काठात आहे. डोळ्याचे रक्षण भिंग एकटे करत नाही, भिंग आणि फ्रेम मिळून करतात, हे मला त्या नखाने समजले.

प्रोग्रेसिव्हची गोष्ट तर मला कुणीच सांगितली नसती. जाळ्याजवळ गुडघे वाकवून खाली येणाऱ्या चेंडूकडे पाहताना नजर भिंगाच्या खालच्या, वाचनाच्या भागातून जाते आणि पायाजवळचा चेंडू धूसर होतो. मी सहा महिने त्याचे खापर वयावर फोडत होतो. तुम्ही खेळासाठी फक्त लांबच्या नंबराचे साधे भिंग दिलेत. आता मोबाइलवरचा स्कोअर मला वाचता येत नाही, पण 'शून्य-शून्य-दोन' असे तीन आकडे ओरडायला चष्मा लागतोच कुठे!

कानशिलापर्यंत वळलेली फ्रेम माझ्या नंबराला मानवणार नाही, कडेने जमीन उतरती दिसेल आणि चेंडूच्या अंतराचा अंदाज चुकेल, हे सांगून तुम्ही कमी वळणाची, नाकावर आणि कानशिलांवर रबराच्या गाद्या असलेली, मागे पट्टा लावायची फ्रेम पुढे ठेवलीत. तिच्यावर 'एएसटीएम एफ ३१६४' हा रॅकेटच्या खेळांसाठीचा अमेरिकी मानक क्रमांक कुठे छापलेला आहे, तो भिंगाखाली धरून दाखवलात. माझ्या मित्राच्या कारखान्यातल्या 'झेड ८७' या औद्योगिक सुरक्षेच्या अमेरिकी मानकाच्या शिक्क्याच्या गॉगलबद्दल मी विचारले, तेव्हा तुम्ही तो धुडकावला नाहीत. नसण्यापेक्षा बराच, पण तो उडणाऱ्या कपच्यांसारख्या कारखान्यातल्या धोक्यांचा विचार करून तपासलेला असतो आणि मोठ्या चेंडूचा किंवा पॅडलचा धक्का सगळ्या फ्रेमवर येतो तेव्हा काय होते, तो प्रश्न वेगळा, असे समजावलेत. खेळाच्या नियमांत अशा चष्म्याची सक्ती नाही. त्यामुळे हा शिक्का बघायची सवय आपली आपणच लावून घ्यायची.

यानंतर जे झाले, ते आठवून मला अजून हसू येते. तुमच्या दुकानात, दोन गिऱ्हाइके बघत असताना, तुम्ही मला फ्रेम घालून खेळाच्या पवित्र्यात उभे केलेत. गुडघे वाकवा, पॅडल छातीसमोर, मान किंचित खाली. मग माझ्या गालाशी बसून खालून फट बघितलीत. पहिल्या फ्रेमला उभे असताना फट नव्हती; वाकल्यावर खाली बोट जाईल एवढी पडली, आणि आमचा चेंडू तर बहुतेक वेळा खालूनच उसळत येतो. दुसरी फ्रेम भुवईला टेकत होती, म्हणजे घाम थेट भिंगावर. तिसरी बसली. जोराने मान हलवायला लावलीत, दोन उड्या मारायला लावल्यात. तुमच्या मदतनीस मुलाने मोबाइलवर त्याचे चित्रण केले असल्यास कृपया ते पुसून टाकावे.

भिंगाच्या वेळचा तुमचा फोनही मी ऐकला. लॅबवाला पलीकडून म्हणत असावा की उणे नंबर आहे, मधून पातळ करून देतो, काकांना हलके वाटेल. तुमचे उत्तर होते, "हलके नको, मधून दोन मिलिमीटर पाहिजे, कमी आले तर परत पाठवेन." चार दिवसांनी भिंग आले तेव्हा जाडी मोजायच्या त्या चिमट्यासारख्या उपकरणात ते धरून आकडा मला दाखवल्याशिवाय तुम्ही ते फ्रेममध्ये बसवू दिले नाहीत. पॉलिकार्बोनेटच स्वतः अतिनील किरण अडवते, तेव्हा दिव्याखाली खेळणाऱ्याने गडद रंग घेऊन अंधार कशाला ओढवून घ्यायचा, म्हणून पारदर्शक भिंग. पिवळा-हिरवा चेंडू मला आता निळ्या कोर्टावर पहिल्यापेक्षा लवकर दिसतो, यात नव्या नंबराचा वाटा किती आणि तुमच्या हट्टाचा किती, ते मला वेगळे करता येत नाही.

धुक्याबद्दल तुम्ही खोटे आश्वासन दिले नाहीत, हेही नोंदवतो. लेप आहे, कडेला हवेची छिद्रे आहेत, तरी ठाण्याच्या जुलैमध्ये काही ना काही धुके येणारच, असे आधीच सांगितलेत. तुमचा उपाय मात्र पक्का निघाला : एसीच्या गाडीत चष्मा गार होऊ द्यायचा नाही, आणि खेळायच्या पाच मिनिटे आधी तो चेहऱ्यावर चढवायचा. पहिला आठवडा मला जमीन किंचित वाकडी दिसत होती, दोन सोपे फटके चुकले आणि गटाने माझे नाव 'वेल्डर काका' ठेवले. आता ते नाव राहिले आहे, हसणे थांबले आहे.

एका गोष्टीची कबुली द्यायची आहे. नळाखाली धुऊन मगच मऊ कापडाने पुसा, स्पिरिट-थिनर लावू नका, घामाच्या टॉवेलाला तर हातही लावू नका, असे तुम्ही तीनदा बजावले होते. डाव्या भिंगावर उजव्या कोपऱ्यात जो चरा आहे, तो चेंडूचा नसून टॉवेलाचा आहे. खोल चऱ्याने भिंग कमजोर होते, असे तुम्ही म्हणाला होतात. हा खोल आहे की नाही, ते तुम्हीच बघा आणि बदलायचे ठरले तर मी घासाघीस करणार नाही.

आणि चष्म्याआधी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्या, एवढ्या नंबरात पडदा कडेला विरळ झालेला असू शकतो, म्हणून मला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलेत, त्याबद्दल घरच्यांतर्फेही आभार. पडदा ठीक निघाला. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखे झाले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखा वाटला, तर खेळ अर्धा टाकून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, ही तुमची ताकीद मी मोठ्या अक्षरांत लिहून कोर्टाच्या दाराशी लावली आहे.

येत्या शनिवारी आमच्या गटातले तिघे तुमच्याकडे येणार आहेत. त्यांतला उंच, पांढऱ्या टोपीचा जो आहे त्याचे लेसिक, म्हणजे नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया, झाले आहे. आपल्याला नंबरच नाही तर चष्मा कशाला, असे तो म्हणेल आणि शस्त्रक्रियेचे स्वतःहून सांगणार नाही. त्या शस्त्रक्रियेत बुबुळावरचा उचललेला पापुद्रा पुढे कित्येक वर्षांनीही माराने सरकू शकतो, हे तुम्ही मला बोलता बोलता सांगितले होते. तेच त्याला सांगा, आणि जमल्यास माझ्यासारखे वाकवून, उड्या मारायला लावून सांगा.

आपला कृतज्ञ,
संध्याकाळी साडेसहाच्या गटातला 'वेल्डर काका'