परवाना मिळेपर्यंत माल कुठे ठेवायचा?

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांसी,

स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावात दिवाळीला फटाक्यांचा स्टॉल लावतो. बाकी वर्षभर वह्या-पेनांचे दुकान. पत्र थेट आपल्याला लिहितो आहे, कारण परवाना महसूल खात्याचा (मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तांचा), मैदान पालिकेचे, दाखला अग्निशमनचा आणि बंदोबस्त पोलिसांचा. कुठल्याही एका टेबलावर गेलो की ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणतात, आणि त्यांचे चुकत नाही.

शिवकाशीच्या मालाची ऑर्डर श्रावणात द्यावी लागते. पैसे आगाऊ. गणपती उठले की ट्रान्सपोर्टवर पेट्या उतरू लागतात. इकडे मैदानाची सोडत, ना-हरकत दाखले, पोलिसांचा अहवाल असे करत तात्पुरता परवाना हातात पडतो तेव्हा वसुबारस दारात आलेली असते. मधल्या दिवसांत या पेट्या कुठे असतात, एवढाच माझा प्रश्न आहे.

उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक आहे. जिन्याखाली, माळ्यावर, पाहुण्यांच्या बंद खोलीत, कापड दुकानाच्या मागच्या गाळ्यात. खाली गॅसची शेगडी, वर लवंगीच्या लडी. विस्फोटक नियम, २००८ कायमच्या दुकानाबाबत कडक आहेत: तळघर नको, जिन्याखाली किंवा लिफ्टजवळ नको, दार बाहेरच्या बाजूला उघडणारे हवे, विजेचा मुख्य स्विच बाहेरून हाताला लागेल असा हवा. हंगामी विक्रेत्याचा माल मात्र नेमका जिन्याखालीच असतो. तिथे तपासणी होत नाही, कारण कागदोपत्री तो माल अजून आलेलाच नसतो.

मैदानावरच्या स्टॉलसाठीचे नियमही चांगले आहेत. शेड न पेटणाऱ्या साहित्याचे. दोन शेडमध्ये निदान ३ मीटर अंतर. तोंडे समोरासमोर नकोत. लोंबकळती वायर नको, प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच. ५० मीटरच्या आत फटाका उडवून दाखवायचा नाही. आणि एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नकोत.

हा शेवटचा आकडा लक्षात ठेवून २९ ऑक्टोबर २०१६ आठवा. नरक चतुर्दशीच्या दिवशी तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्याच्या जिल्हा परिषद मैदानावर फटाका बाजार पेटला. शंभराहून अधिक स्टॉल खाक झाले, बाजूला लावलेल्या गाड्या जळाल्या. पन्नासची मर्यादा आणि शंभराहून अधिक स्टॉल, यावर आणखी काही लिहायची गरज नाही.

त्यानंतर आमच्याकडे तपासणी वाढली, हे मान्य. म्हणजे वाळूच्या बादल्या आणि लाल सिलिंडर यांच्याशेजारी उभे राहून फोटो काढले जातात. सिलिंडर हवाच, कनात, पुठ्ठा, वायर पेटली तर त्याचा उपयोग आहे. पण फटाक्याच्या दारूत पोटॅशियम नायट्रेटसारखे क्षार असतात आणि जळायला लागणारा प्राणवायू तेच पुरवतात. वाळू टाकून ती आग गुदमरत नाही. पेटलेला एक स्टॉल वाचत नाही, वाचवायचा असतो तो शेजारचा. त्यासाठी मोकळे अंतर लागते, आणि ते आदल्या रात्री ताडपत्री बांधताना आखता येत नाही. परवाना उशिरा, म्हणून मांडणी घाईत. घाईत जो आधी येतो तो कोपरा धरतो, आणि ३ मीटरचे दीड कधी होतात ते कळतही नाही.

साठवणुकीत काय होते ते आपल्या शेजारी दिसले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी बंगळुरूजवळ अत्तिबेले येथे एका फटाका दुकानाच्या गोदामात माल उतरवत असताना आग लागली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. दिवाळीला तेव्हा महिनाभर अवकाश होता. म्हणजे मी ज्या मधल्या दिवसांबद्दल लिहितो आहे, तेच हे दिवस. त्याच वर्षी डिसेंबरात पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणारी जागा पेटली, आणि आत काम करणाऱ्या बायका होरपळून मेल्या. तो तर दिवाळीचा मालही नव्हता.

आणि उरलेला माल? तुळशीचे लग्न लागते, परवान्याची मुदत संपते, स्टॉल उठतो. पेट्या पुन्हा माळ्यावर. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांच्यावरून एक पावसाळा जातो. ओल लागली की माल फुसका होतो, एवढेच लोकांना वाटते. पण ॲल्युमिनियमची पूड असलेल्या दारूला ओल लागली तर ती आतल्या आत तापूही शकते. फुसका माल निरुपद्रवी समजून घरात ठेवणारी माणसे माझ्या धंद्यात पुष्कळ आहेत.

‘मग ऑर्डरच उशिरा द्या’ असे एका साहेबांनी सुचवले होते. उशिरा गेलो की हाती लागतो तो बिनबिलाचा, बिननावाचा माल. कोणत्या सुतळी बॉम्बमध्ये काय भरले आहे, याची हमी त्यात कोण देणार? गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण असलेल्या मालावर १९९२ पासून बंदी आहे, आणि असा माल शिरायला नेमकी हीच वाट आहे.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची. मैदाने, स्टॉलची संख्या आणि आखणी गणेशोत्सवाआधी जाहीर करा, आणि परवाने दसऱ्यापूर्वी द्या. दुसरे, प्रत्येक तालुक्यात वस्तीबाहेर एक परवानाधारक सामाईक साठवण ठेवा. पेट्या ट्रान्सपोर्टवरून थेट तिथे जातील, परवाना दाखवून लागेल तेवढ्या मैदानावर येतील, उरलेल्या तिथेच परत. विस्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात, आपल्याच राज्यात आहे; जागेचे निकष त्यांच्याकडून घेता येतील. खर्च सरकारने करावा असे मी म्हणत नाही. भाडे आम्ही विक्रेते वाटून भरू, जिन्याखालच्या जागेचेही भाडे आज आम्ही मोजतोच.

आमच्या गावातली यंदाची सोडत अजून निघालेली नाही. ती निघेल तेव्हा अर्जात ‘परवान्यापूर्वी माल ठेवण्याची जागा’ असा एक रकाना घालण्याचे आदेश द्यावेत. साठवण उभी राहायला वेळ लागेल, रकाना याच वर्षी छापता येईल.

आपला,
एक हंगामी फटाका विक्रेता