समीकरण जुळते, पण समजते का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीच्या विज्ञानाचा पहिलाच धडा रासायनिक अभिक्रिया आणि समीकरणांचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतली मुले तो पाठ करून पार पडतात आणि पुढे पी. यू. सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीतून तोच विषय आला की अडतात. दोष भाषेचा नाही, मराठीतूनच तो नीट समजलेला नसतो.

तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की लोखंडाचे ऑक्साइड बनते आणि हायड्रोजन सुटतो. 'लोखंड तीन, पाणी चार, हायड्रोजन चार' हे मुलांना पाठ असते. का, ते सांगता येत नाही. सुरुवात सर्वांत गुंतागुंतीच्या रेणूपासून करावी. या ऑक्साइडच्या एका रेणूत लोखंडाचे ३ आणि ऑक्सिजनचे ४ अणू. ऑक्सिजन येणार तो पाण्यातूनच आणि पाण्याच्या रेणूत तो एकच, म्हणून पाणी ४. त्यातून हायड्रोजनचे ८ अणू आले. तो जोडीने सुटतो, म्हणून ४ रेणू. सुटे लोखंड शेवटी घ्यावे, कारण त्याचा आकडा बदलला तरी बाकी काही हलत नाही.

सर्वांत घातक चूक म्हणजे अणू कमी पडला की सूत्रातला खालचा आकडाच बदलणे. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिला की हिशेब जुळल्यासारखा दिसतो, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. बदलायचा तो फक्त पुढचा आकडा. आणि तो रेणू मोजतो, ग्रॅम नव्हे. वरचेच उदाहरण फळ्यावर अणुभार घेऊन वजनात मांडावे: लोखंड ३ गुणिले ५६ म्हणजे १६८, पाणी ४ गुणिले १८ म्हणजे ७२, एकूण २४०. दुसऱ्या बाजूला ऑक्साइड २३२ आणि हायड्रोजन ८. पुन्हा २४०. हे एकदा स्वतः करून पाहिलेले मूल सहसा विसरत नाही.

द्रावणातही असेच. दहा टक्के मिठाचे द्रावण करायला सांगितले की १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ टाकले जाते. द्रावण ११० ग्रॅमचे होते आणि मीठ भरते ९.१ टक्के. पाणी ९० ग्रॅमच हवे, कारण टक्केवारी सगळ्या द्रावणावर असते.

हे शिकवायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. अथणीकडचे द्राक्ष बागायतदार बुरशीवर फवारायला बोर्डो मिश्रण करतात. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, तेही प्लास्टिकच्या पिंपात. दोन्ही घट्ट असतानाच एकत्र केली तर गाळ जाडसर होतो आणि नोझल तुंबते. मोरचुदाचे निळे पाणी हे खरे द्रावण, ते गाळले तरी गाळणीवर काही उरत नाही. चुना मिळाल्यावर मात्र बारीक कण तरंगू लागतात. ते द्रावण नव्हे, निलंबन, म्हणून फवारताना सतत ढवळावे लागते. कागदावर १ किलो मोरचुदाला सुमारे ३०० ग्रॅम शुद्ध विरलेला चुना पुरतो. शेतात तो जास्त लागतो, कारण बाजारचा चुना शुद्ध नसतो आणि मिश्रण आम्लधर्मी राहून चालत नाही, पाने करपतात.

शेतकरी या मिश्रणात लोखंडी पाते मिनिटभर बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवतात. लोखंड द्रावणातल्या तांब्याची जागा घेते आणि तांबे पात्यावर बसते, म्हणजे मोरचूद अजून मोकळे आहे. या अभिक्रियेत सगळ्यांचे आकडे एकच आहेत, जुळवायला काही नाही. मुलांच्या हाती समीकरणाआधी ते पाते द्यावे आणि थर कशाचा, हे त्यांनाच विचारावे.

एक विज्ञान शिक्षक,
खानापूर, जि. बेळगाव