मनू ब्रेस घेऊन येतेय

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मनू मे महिनाभर तुमच्याकडे राहील, कण्याचा बाक रोखायला अंगात घालायचा प्लॅस्टिकचा ब्रेसही सोबत असेल. फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवते.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, मनूचा कणा वाकला तो दप्तराच्या ओझ्यानं का? नाही. उंची झपाट्यानं वाढते त्या वयात काही मुलांच्या कण्याला असा एका बाजूला बाक (स्कोलिओसिस) येतो, आणि नेमकं का येतो ते अजून कोणाला सापडलेलं नाही. तेव्हा ‘ताठ बस’ म्हणून तिच्यामागे लागू नका. तिचा बाक ३२ अंशांचा आहे आणि हाडं अजून वाढतायत. साधारण २५ ते ४० अंशांत, तेही वाढ चालू असेपर्यंतच, ब्रेसचा उपयोग होतो. कणा सरळ होईल अशी आशा धरू नका. बाक आहे तिथं रोखला तरी ब्रेसनं काम केलं. ५० च्या पुढे गेला की मोठेपणीही तो वाढत राहतो आणि ऑपरेशनचा विषय निघतो.

तिला दिवसाचे १८ तास सांगितलेत. अमेरिका-कॅनडातल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ब्रेस घेतलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ५० च्या आत राहिला, न घेतलेल्यांपैकी ४८ टक्के. ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर होता, त्यामुळे खरे तास कळले. रोज सुमारे १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांपर्यंत गेलं. सहा तासांपेक्षा कमी वापरणाऱ्यांना जवळपास काहीच फायदा झाला नाही. पाहुणे आलेत, उकडतंय, बिचारीला जरा मोकळं होऊ दे, असं करत तास गळतात. आंघोळ, व्यायाम, खेळ, पोहणं यांसाठी सहा तास आहेतच, तेवढे तिला मनसोक्त द्या.

आई, बांधायचं काम तुझं, कारण हा ब्रेस पाठीमागून उघडतो. आधी आतली बनियन खाली ओढून पाठीवरची एकूण एक सुरकुती काढ. ब्रेस घातल्यावर कमरेची खाच हाडांच्या वर नीट बसली का ते हातानं चाचपून बघ; ती वर सरकलेली असली की कडा काखेत रुततात. मग तिला पालथं झोपव, आधी तिन्ही पट्टे सैल लाव, नंतर एकेक ओढत ने. पट्ट्यांवर मार्करनं रेघ काढली आहे, तिथपर्यंत यायलाच हवेत. सैल ब्रेस जास्त टोचतो, कारण तो अंगावर घासतो.

काढल्यावर पॅडच्या जागी लाली दिसेल. अर्ध्या तासात गेली तर काळजी नको. राहिली, फोड आला किंवा कातडी सोलवटली, तर ब्रेस काढून ठेव आणि लगेच मला फोन कर, मी ऑर्थोटिस्टशी, म्हणजे ब्रेस बनवून देणाऱ्या तज्ज्ञांशी, बोलते. त्या जागी तेल, क्रीम, पावडर काही लावू नको. तुझ्या हातचं मालिश तिला आवडतं हे माहीत आहे, पण तेलानं कातडी मऊ पडते आणि तिथंच सोलवटते. मालिश पायांना कर.

घामानं बनियन ओली झाली की लगेच बदलायची, आठ देतेय. ब्रेस आतून साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसायचा आणि टॉवेलनं कोरडा करायचा. गच्चीवर उन्हात मात्र ठेवायचा नाही, बंद गाडीतही नाही. प्लॅस्टिक तापून आकार बदलतो आणि मग पॅड भलतीकडेच दाबतं.

पोटावर दाब असल्यानं एका वेळी फार जेवण जात नाही. थोडं थोडं चार-पाचदा वाढ. मांडी घालून बसणं जमत नाही, पाटाऐवजी खुर्ची दे.

जूनमध्ये एक्स-रे आहे. आकडा दोन-तीन अंशांनी इकडेतिकडे झाला तर घाबरू नका, मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडतो. आणि बाबा, लग्नाचं कसं होईल हा विषय तिच्यासमोर काढू नका. शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. पहिल्या रात्री मी आहे, पट्टे बांधायचं तुला दाखवते.

तुमची लेक