वॉटरबर्गच्या पायथ्याहून

ओचिवारोंगो, नामिबिया
१९ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या निरोपात एकच प्रश्न होता, चित्ता दिसला का. दिसला. मादी होती, मागे दोन मोठी झालेली पिल्लं. गाडीसमोरून रस्ता ओलांडला आणि काटेरानात शिरली. माझे हात नंतर कितीतरी वेळ थरथरत होते. पण इथे आल्यापासून माझे दिवस चित्त्यांची विष्ठा, चित्त्यांची झाडं आणि लोकांची शेळ्या-वासरं यांतच जातात, आणि आज लिहायला बसले ती त्यासाठीच. जनावरांच्या डॉक्टरला हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

विंडहुकच्या उत्तरेला साधारण अडीचशे किलोमीटरवर हे गाव. पूर्वेला वॉटरबर्गचं तांबड्या वालुकाश्माचं पठार, आणि सभोवती हजारो हेक्टरांचे गुरांचे फार्म. याच वॉटरबर्गजवळ ऑगस्ट १९०४ मध्ये जर्मन फौजेने हेरेरो लोकांवर हल्ला केला आणि वाचलेल्यांना ओमाहेकेच्या निर्जल रानात हाकललं. हजारो माणसं तहानेने मेली. ज्यांची सारी दौलत गुरांत होती त्यांची गुरंही गेली. हेरेरो बायका आजही गाईच्या शिंगांसारखी दोन टोकं काढलेलं कापडी शिरोभूषण घालतात. वाघरानं गाय मारली म्हणून रागावलेल्या माणसाशी इथे बोलायचं तर हे सगळं ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं.

नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्यांत राहत नाहीत, या फार्मवरच राहतात. सिंह आणि ठिपक्यांचे तरस गुरांच्या मालकांनी इथून केव्हाच जवळपास संपवले. चित्त्याची शिकार हिसकावणारं, त्याची पिल्लं मारणारं फारसं कुणी उरलं नाही, म्हणून तो टिकला. पण वासरू गेलं की बंदूक त्याच्यावर रोखली जाऊ लागली. १९८०च्या दशकात ते शेकड्यांनी मारले गेले आणि संख्या जवळपास निम्म्यावर आली. आज साऱ्या जगात मिळून सात हजारांच्या आसपास चित्ते आहेत.

आता झाडांचं ऐक. नर चित्ते ठरावीक झाडांवर चढतात, खोडावर मुततात, तिथेच विष्ठा टाकतात. बहुधा तिरक्या, जाड खोडाची, दुरून दिसणारी झाडं. आम्ही स्वयंसेवक सूर्य उगवायच्या आत अशा झाडांची फेरी करतो. खोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा बांधलेला असतो, कारण चित्त्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात. दोन्ही बाजूंचे फोटो मिळाले तरच ओळख पक्की होते. कार्ड बदलायचं, विष्ठा पिशवीत घालून वेळ आणि जागा लिहायची. मग ती विष्ठा नायलॉनच्या मोज्यात घालून धुवायची. उरतात केस आणि हाडांचे तुकडे. केसावरच्या खवल्यांचे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कळतं, खाल्लं कुणाला. बहुतेक वेळा सापडतो तो रानातला प्राणी: कुडू नावाच्या मोठ्या हरणाचं पिल्लू, छोटं हरीण, ससा. गुरांचे केस क्वचित.

आणि ज्याने मी खरोखर हलले ते पुढेच आहे. बर्लिनच्या लायबनित्झ संस्थेच्या संशोधकांनी मध्य नामिबियातल्या चित्त्यांना कॉलर लावून वर्षानुवर्षं त्यांच्या हालचाली टिपल्या. त्यांना दिसलं की ही झाडं म्हणजे चित्त्यांचा गावचा पारच आहे. हद्द राखणारे नर तिथे असतातच, शिवाय बिनहद्दीचे भटके नरही वास घ्यायला, निरोप ठेवायला तिथे पुन्हापुन्हा येतात. म्हणून त्या झाडांच्या टापूत चित्त्यांची वर्दळ सतत असते, आणि दोन टापूंमधल्या मोठ्या पट्ट्यात फारच कमी. ज्या फार्मवाल्यांची लहान वासरं नेमकी त्या टापूत चरत, त्यांचंच नुकसान सर्वाधिक. त्यांनी वासरांचे कळप दुसरीकडे हलवले. चित्ते वासरांमागे गेले नाहीत, झाडांपाशीच राहिले आणि रानातलं खात राहिले. नुकसान ८६ टक्क्यांनी घटलं. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आहे. सुनंदा, ना गोळी, ना पिंजरा, ना नवं कुंपण! फक्त वासरं कुठे चारायची हे बदललं.

इथून जवळच लॉरी मार्कर यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या चीता कॉन्झर्व्हेशन फंड या चित्ते वाचवणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे. ते १९९४ पासून शेतकऱ्यांना अनातोलियन जातीची राखणदार कुत्री देतात. पिल्लू आठेक आठवड्यांचं असताना शेळ्यांत सोडतात, ते त्यांच्यातच वाढतं. कुत्रं भुंकत पुढे आलं की चित्ता माघार घेतो, कारण पाय जायबंदी झाला तर तो उपाशी मरेल. तुझ्या धनगरांना हे नवीन नाही, मला माहीत आहे.

बुधवारी कोजागरीची रात्र मी पाणवठ्यावर आडोशात काढली. आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला मचाणावरून गणना होते, तशीच. ओरिक्स आणि इलँड ही इथली मोठी हरणं, साळिंदर, कोल्हे. चित्ता आला नाही. पाणवठ्याभोवतीचं काटेरान तुला ओळखू आलं असतं: आपल्या माळावरची सिगमकाठी, तीच जात! अतिचराईने गवत संपलं, वणवे थांबवले, झुडपं खाणारे हत्ती-गेंडे गेले, आणि या झुडपांनी कोट्यवधी हेक्टर व्यापलं. मोकळ्या मैदानात धावणाऱ्या प्राण्याला हे दाट रान सोसत नाही. आता ती झुडपं तोडून त्यांचं जळण करतात.

मी भारतातली आहे कळलं की इथे सगळे कुनोचं विचारतात. १७ सप्टेंबर २०२२ ला तिथे सोडलेले पहिले आठ चित्ते याच देशातले. मला मात्र कुनोआधी तुझं गाव सुपं आठवतं, तिथला माळ आणि लांडगा. म्हणून एक काम सांगते. मेंढ्यांचे वाडे कोकणाकडे निघायच्या आत तू धनगरांना विचार, लांडग्यांची बिळं कुठल्या कुठल्या टेकाडांत असतात, आणि कोकरं नेमकी कुठल्या बाजूला गेली. वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, कुठे लावली होती तेही. गावाच्या नकाशावर खुणा करून ठेव. इथली पद्धत लांडग्याला लागू पडेल की नाही हे त्यावरून निदान तपासता तरी येईल, आणि तुझ्याइतकं खरं ते दुसऱ्या कुणाला सांगणार नाहीत. मी २८ तारखेला पोहोचते आहे. दिवाळीच्या आधीच सुप्याला येईन, माझ्याजवळचे इथले नकाशे घेऊन.

काकांना नमस्कार सांग, छोटीला गोड पापा.

तुझी,
मेधा